गाडी घाट चढंना

पितृपंधरवडा चालू आहे. नवी गाडी या दिवसांत पाथर्डीत सहसा कुणी दारात आणत नाही. जुनी नीट करून घ्यायला मात्र पितरांची हरकत नसावी. सकाळचे नऊ वाजलेत आणि नगर रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडपुढची रांग लिंबाच्या झाडापर्यंत गेली आहे. दोन बोलेरो, एक पिकअप, एक पांढरी मारुती ८००, कुणाची तरी जुनी इंडिका. अगदी शेवटी, सावलीचा तुकडा धरून, एक लाल हॅचबॅक. तिच्या मागच्या काचेवरचं शोरूमचं स्टिकर अजून निघालेलं नाही.

शेड म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा, मागं विटांची भिंत. भिंतीवर खिळ्यांना पाने अडकवलेत. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, पुढं मोठे होत गेलेले. खालच्या मातीत इतकं ऑइल मुरलंय की पाऊल उचलताना चप्पल चिकटते. कोपऱ्यात कॉम्प्रेसर थडथडतो, टाकी भरली की फुस्स करून गप्प बसतो. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रेलर जातो आणि पत्रा हादरतो. हा कल्याणहून विशाखापट्टणमच्या दिशेनं जाणारा महामार्ग. एका अंगाला नगर, दुसऱ्या अंगाला थेट नांदेड आणि पुढं तेलंगण. ट्रेलरमागून धूळ येते, रांगेतल्या सगळ्या बॉनेटवर बसते. कुणी पुसत नाही.

"काय करायचंय?" फिटर विचारतो.

"काय न्हाय, जरा ट्युनिंग करून द्या."

पहिला बोलेरोवाला हे म्हणतो. पिकअपवालाही हेच म्हणतो. इंडिकावाल्यालाही दुसरं काही सुचत नाही. फिटर पन्नाशीचा आहे, खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर, कानामागं पेन्सिल. पोरं त्याला वस्ताद म्हणतात. तो बॉनेटला हात लावत नाही.

"ट्युनिंग करू की. पण गाडी करती काय ते सांग ना."

"घाट चढंना, वस्ताद."

"कुठला? करंजीचा?"

"करंजीचा. अन् मोहट्याचा चढबी. तिसऱ्यावर घेतली की मरती. दुसऱ्यावर टाकावी लागती."

"धूर?"

"काळा."

"सकाळी स्टार्टिंगला, का चढाला?"

बोलेरोवाला जरा थांबतो. आठवून बघतो. "चढालाच."

"घे पुढं."

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा असता तर ऑइल जळतंय असं समजायचं. पांढरा असता आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसता, तर कूलंट सिलिंडरात उतरत असल्याची शंका घ्यायची, हेड गॅस्केटकडं बघायचं. निळ्या-पांढऱ्या धुराची गाडी ट्युनिंगनं सुधारत नाही, तिथं इंजिन खोलायची वेळ आलेली असते. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. फिटरला असतं, पण गिऱ्हाइकानं धुराचा रंगच पाहिलेला नसला तर फिटरही अंदाजानंच सुरुवात करतो. आणि अंदाजाचं बिल गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं.

पण बोलेरोच्या आधी मारुती ८०० चा नंबर लागतो. इंजिन थंड हवं म्हणून. गाडीचे मालक गुरुजी काल ती इथंच लावून गेलेत.

गाडी १९९८ ची. पंधरा वर्षं झाल्यावर तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवली, मग पुन्हा पाच, पुन्हा पाच. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत रस्त्यावर आली, शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून निघाली. गुरुजी शेजारी उभे आहेत, पांढरा शर्ट, हात मागं बांधलेले. चाळीस वर्षं वर्गात बोलले असतील. इथं एक शब्द बोलत नाहीत.

वस्ताद प्लगच्या वायरी उपसतो. प्लगपाना आत घालतो, टॉमी फिरवतो. कर्र. तीन प्लग निघतात. पोरगा ते वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवतो, पहिला, दुसरा, तिसरा. ओळ चुकली तर त्याला टपली बसते, कारण पुढचं सगळं त्या ओळीवर आहे.

पहिल्या प्लगचं टोक विटकरी. दुसऱ्याचंही विटकरी. तिसरा काजळीनं काळा.

"तिन्ही काळे असते तर कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतोय म्हणलो असतो," वस्ताद वर न बघता सांगतो. "एकच काळाय. त्या एकाला स्पार्क नीट भेटंना."

तिसरी वायर बोटांत वाकवतो. रबराला बारीक चिरा गेल्यात. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो, आतली धातूची टोकं झीरो पेपरनं घासतो. प्लग तारेच्या ब्रशनं साफ करतो. मग खिशातून फिलर गेज काढतो, पात्यांचा जुडगा. एक पातं प्लगच्या दोन टोकांमध्ये सरकवतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जास्त झाली तर ठिणगीला उडी मारवत नाही, कमी झाली तर ठिणगी दुबळी. पातं किंचित घासत बाहेर येतं. बास.

मग वरचं झाकण उघडून टॅपेट. इथंही तोच जुडगा, पण पातं याहून पातळ. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची ही फट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याची असते आणि गरम इंजिनात ती बदलते, म्हणून तर गाडी रात्रभर थंड ठेवलेली. फट वाढली की इंजिन टिकटिक करतं. कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळत जातो. आवाज करणारी गाडी लोक लगेच आणतात. गप्प गाडी उशिरा येते.

कार्बोरेटर खोलून पोरगा डब्यातल्या पेट्रोलमध्ये धुतो. जेट हातात घेऊन उन्हाकडं धरतो, आरपार बघतो. भोक सुईच्या टोकाएवढं. भिंतीवरची बारीक तार ओढून घेतो.

"ए! तार नको घालू. हवा मार."

तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. पोरगा तार परत अडकवतो. हवेची नळी लावतो. चुर्रर्र.

साडेदहा. पत्रा तापायला लागलाय. भाद्रपदातलं ऊन आता बाकड्याच्या निम्म्यावर आलंय आणि बसलेले चौघं उरलेल्या निम्म्यात सरकलेत. टपरीवरचा पोऱ्या चहाची किटली घेऊन येतो. कागदी कप, दोन घोट. कुणी पैसे काढायच्या आत बोलेरोवाला हात वर करतो.

मारुती चालू होते. थरथरते, खोकते, धरते. आता खरं ट्युनिंग. वस्ताद इंजिन तापू देतो. मग स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरच्या एका बारीक स्क्रूवर टेकवतो आणि पाव आटा फिरवतो. आवाज उतरतो. उलटा पाव आटा. आवाज चढतो. अजून थोडा. आता आवाज फाटतो. परत मागं. त्याची मान वाकडी, डोळे रस्त्यावर, पण तो रस्ता बघत नाही. हवा आणि निव्वळ पेट्रोल यांचं प्रमाण वजनानं साधारण १४.७ ला १ असावं लागतं. हे प्रमाण वस्तादला कुणी सांगितलंय का, विचारायची सोय नाही, तो ऐकतोय. मिनिटाला आठशे-साडेआठशे फेऱ्यांवर इंजिन स्थिरावतं. बॉनेटवर ठेवलेल्या रिकाम्या कपाची थरथर थांबते.

एके काळी हे सगळं वरचेवर करावं लागे. पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडरला डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट असायचे. ते झिजायचे, जळायचे, काही हजार किलोमीटरला घासून पुन्हा बसवावे लागायचे. मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. २००० च्या सुमाराला धुराचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. रांगेतल्या लाल गाडीत वस्तादला फिरवायला तो स्क्रूच नाही.

"अ‍ॅव्हरेज पण कमी झालंय," गुरुजी पहिल्यांदा बोलतात.

"त्ये पेट्रोलच बदललंय, गुरुजी. इथेनॉल वीस टक्के."

वस्ताद पेट्रोलची जुनी रबरी नळी दाखवतो. फुगलेली, बोटानं दाबली तर मऊ. ती तो बदलतो, पुढच्या वेळी गळती लागू नये म्हणून. अ‍ॅव्हरेजचं गुरुजी म्हणतात ते खोटं नाही. केंद्राच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय की वीस टक्के इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. तेवढं स्क्रू फिरवून भरून निघत नाही.

बाकड्यावरून मुकादम हसतो. दुसरी बोलेरो त्याची. "आमचाच ऊस तुमच्या टाकीत, गुरुजी."

सगळे हसतात. गुरुजीही. त्यात थट्टा कमी आणि हिशेब जास्त आहे. मका-तांदळाचंही इथेनॉल होतं, पण या तालुक्याला ठाऊक आहे तो ऊस. दसरा झाला की इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. मुकादमाला त्याआधी वाडी-वस्तीवर फिरून माणसं पक्की करायची आहेत, उचल पोचवायची आहे. गाडी बंद पडली तर हंगाम बसतो. तो दर दहा मिनिटांनी फोनवर कुणाला तरी सांगतो, "आलोच. गाडी कामाला लावलीय."

पहिली बोलेरो आता शेडखाली. डिझेलचं इंजिन, म्हणजे स्पार्क प्लग नाहीत. गिऱ्हाईक तरीही विचारतं, "प्लग बदलणार ना?" असतात ते हिटर प्लग, थंडीत पहाटे चालू करताना सिलिंडर गरम करणारे. ते गेले तर सकाळी त्रास होतो. त्यांचा घाटाशी संबंध नाही.

पोरगा एअर फिल्टरचा डबा उघडतो. फिल्टर बाहेर काढून जमिनीवर हलकेच आपटतो. भुकटी पडते, पिठूळ, तपकिरी. पुन्हा आपटतो, पुन्हा पडते. गाडीबरोबरच्या पुस्तकात फिल्टर बदलायचं अंतर छापलेलं असतं, पण तिथंच बारीक अक्षरांत असंही असतं की धुळीच्या भागात लवकर बघा. पाथर्डी तालुका त्या बारीक अक्षरांत येतो. मुरुमाचे रस्ते, शेतातल्या वाटा, पावसानं दडी मारलेली वर्षं.

"फिल्टर बदल. पण हे एकटं न्हाय," वस्ताद म्हणतो. तो टर्बोपासून निघालेल्या जाड रबरी नळीवरून बोट फिरवतो. बोट क्लिपजवळ थांबतं. तिथं ऑइलचा ओला डाग, त्यावर धूळ बसून चिखल झालेला. क्लिप सैल. दाबून भरलेली हवा इंजिनात पोचायच्या आधीच तिथून निसटते. सपाटीला जाणवत नाही. चढाला इंजिन हवा मागतं, ती मिळत नाही, डिझेल तेवढंच येतं, आणि धूर काळा. क्लिपला दोन आटे. घाटाचं दुखणं बरंचसं इथं होतं.

डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून तो थोडं डिझेल काचेच्या ग्लासात घेतो. तळाशी पाण्याचा थेंब गोल गोल फिरतो. सगळे वाकून बघतात. गाडीवाल्याचा चेहरा पंपवाल्याला शिव्या देण्याच्या बेतात आहे, पण पाणी टाकीत दमटपणानंही साचतं. म्हणून तर हे बूड अधूनमधून मोकळं करायचं असतं.

"नोझल पण बघून टाका," गाडीवाला म्हणतो.

वस्ताद हात पुसतो. "न्हाय. नोझल हितं न्हाय खोलत."

आताच्या डिझेल गाड्यांत एका सामाईक नळीत डिझेल हजार-सोळाशे बारच्या दाबानं भरलेलं असतं. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात. त्या दाबाच्या जोडणीत धुळीचा एक कण गेला तर नोझल कामातून जातं. तपासायचं तर पन्नासेक किलोमीटरवर नगरला, बंद खोलीत, मशीनवर. उघड्या शेडखाली, वाऱ्यावर, कुणी नोझल खोलायला निघाला तर चावी परत मागून घ्यावी. बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक प्रकरण असतं, धुरातली काजळी अडवणारी जाळी. तिला ठरावीक जातीचंच ऑइल चालतं. स्वस्त पडतं म्हणून दुसरं ओतलं तर ती तुंबते आणि त्या जाळीची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

वीज जाते. कॉम्प्रेसर आचके देत थांबतो. एकदम शांतता, आणि मग शांततेत ऐकू येतात ते रस्त्यावरचे हॉर्न, स्टँडकडून येणारा एसटीचा पुकारा. सव्वाबारा. पोरं डबे उघडतात. भाकरी, ठेचा, गवारीची भाजी. हात रॉकेलनं धुतलेले, मग साबणानं, तरी नखांत काळं. "या जेवायला," ते सगळ्यांना म्हणतात. सगळे "होऊ द्या" म्हणतात. लिंबाखाली मुकादम टॉवेल तोंडावर घेऊन आडवा झालाय. फोन छातीवर वाजतो, तो झोपेतच बंद करतो.

समोरच्या पार्टच्या दुकानात गर्दी आहे. काउंटरवर खोक्यांची चळत. एकाच गाडीचा एअर फिल्टर तीन भावांत मिळतो. दुकानदार तिन्ही पुढं ठेवतो आणि बघत राहतो, गिऱ्हाईक कशाला हात लावतं. स्वस्त फिल्टरच्या कागदाच्या घड्या विरळ, कडेचं रबर कडक. कडा नीट बसली नाही तर धूळ बाजूनं आत जाते. साधा निकेलचा प्लग शंभर-दीडशेच्या घरात, इरिडियमचा त्याच्या कितीतरी पट. साधा तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या आत-बाहेर बदलावा लागतो, इरिडियमचा लाखाच्या आसपास जातो. पण जी गाडी ज्या प्लगवर बेतलेली, तिला तोच घालायचा. महाग घातला म्हणून मारुती ८०० ची स्कॉर्पिओ होत नाही.

लाल गाडीचा नंबर येतो तेव्हा वस्ताद डॅशबोर्ड बघतो आणि मान हलवतो. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला. "ताई, ही त्या टॅबवाल्या पोराकडं न्या. शेवगाव रस्त्याला."

ताई तिसगावला नोकरीला जातात, रोज. गाडी सिग्नलला थरथरते, एसी लावला की जास्त. पिकअप मधेच तुटतो.

मीही त्या गाडीमागं चालत निघतो. चौकात रसवंतीचं चाक फिरतंय, घुंगरं वाजतायत. मोहट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला कमानीच्या वेळूचे ढीग उतरलेत. नवरात्रात या रस्त्यावर पायी जाणारे, दुचाक्या, जीप, सगळं एकत्र असतं. गाव ते मोहट्याच्या देवीचा डोंगर नऊ-दहा किलोमीटर, आणि शेवटच्या चढाला पहिल्या-दुसऱ्यावर रेंगाळणारी रांग. इंजिन तापतं ते तिथं. कूलंटच्या जागी नुसतं पाणी ओतलेल्या गाड्या तिथंच बाजूला बॉनेट उघडून उभ्या असतात.

पोराचं गॅरेज सिमेंटच्या फरशीचं. पोरगा म्हणजे पंचविशीचा, आयटीआय झालेला. भिंतीवर पाने आहेतच, पण त्याच्या हातात टॅब. स्टिअरिंगच्या खाली वाकून तो एका चपट्या सॉकेटमध्ये वायर जोडतो. या जातीचं सॉकेट आपल्याकडं २०१३ पासूनच्या बीएस-४ आणि त्यापुढच्या मोटारींत असतंच.

"दिवा लागून राहतोय का मिचकावतोय, ताई?"

"लागून राहतो. काल एकदा मिचकावला होता."

"मिचकावला तर चालवायची नाही. बाजूला घ्यायची."

मिचकावणं म्हणजे सिलिंडरात पेट्रोल न जळताच पुढं जातंय आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तो तापून फुटतो. प्लगच्या खर्चाचं काम मग काही हजारांवर जातं.

टॅबवर अक्षरं येतात. पी०३०२. दुसऱ्या सिलिंडरात मिसफायर.

"म्हणजे काय बदलायचं?" ताई विचारतात.

"ते हा नाही सांगत. कुठं दुखतं तेवढं सांगतो. का, ते आपण बघायचं."

तो इंजिनावरचं प्लास्टिक झाकण उचलतो. या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही, लांब वायरी नाहीत. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल. दुसऱ्याची कॉइल काढून तो तिसऱ्यावर बसवतो, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसतो. गाडी चालू करतो, एसी लावतो, रेस देतो. आम्ही तिघं टॅबकडं बघतोय. पंखा गरम हवा फेकतोय. काही मिनिटं काहीच होत नाही. मग पिवळा दिवा पुन्हा लागतो.

पी०३०३.

दोष कॉइलबरोबर सरकला. म्हणजे प्लग नाही, नोझल नाही, ती एक कॉइल. दहा मिनिटांचं काम, आणि काहीही विकत न घेता निदान. हे न करता चारही कॉइल, चारही प्लग आणि वर इंजिन फ्लशची बाटली बिलात घालता आली असती. तसं घालणारे आहेतच. बॅटरीची वायर काढून, दिवा घालवून, "झालं ताई" म्हणणारेही आहेत. दिवा दोन दिवसांनी परत येतो.

बाकीचं तो भराभर उरकतो. थ्रॉटलचं भोक उघडून दाखवतो, काळ्या चिकट थरानं त्याची कडा भरलीय. स्प्रे मारून मऊ फडक्यानं पुसतो. एअर फिल्टर झटकतो, अजून चालेल म्हणतो. प्लग काढून बघतो, परत बसवतो. ऑइलची दांडी पुसून बुडवून पुन्हा पुसतो. "बॉनेटखाली ग्रेड लिहिलेलीय, तीच सांगत जा. पातळ ऑइल सांगितलंय तिथं जाड घालू नका." ताई फोनमध्ये टिपून घेतात. कार्बन काढायचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलंय. त्या विचारतात, ते करायचं का. तो नाही म्हणतो. हे मशीन घेताना त्यानं हप्ते काढलेत, तरी नाही म्हणतो.

तीन वाजता पेट्रोलपंपाच्या कडेला पीयूसीची व्हॅन. उन्हात पाच गाड्या. माणूस सायलेन्सरमध्ये दांडी सरकवतो आणि आकडे उमटतात. गुरुजींची मारुती पुढंच उभी आहे. तिच्या काळच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. मागच्या लाल गाडीला ०.३ टक्के, दहावा हिस्सा. गुरुजींना कागद सहा महिन्यांचा मिळतो, ताईंना वर्षाचा. कागद नसला तर दंड दहा हजारांपर्यंत. गुरुजी आकडा चष्म्याखालून बघतात. मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली. सकाळच्या त्या पाव आट्याचं हे गुणपत्रक. घडी घालून ते खिशात ठेवतात.

करंजी घाटाची बोलेरो ट्रायलला गेलीय. मुकादमाची अजून शेडखाली, बेल्ट बदलायचा राहिलाय. रांग सकाळपेक्षा लांब आहे आणि उद्या अजून लांबेल. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तर या रस्त्यावर कुणाला मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवशी कॉइल अदलाबदल करून बघायला कुणी थांबत नाही, सरळ नवी बसवतात.

तेव्हा यायचं तर आठवडाभर आधी या. गाडी आदल्या रात्री गॅरेजला लावा आणि सकाळचं पहिलं स्टार्टिंग फिटरच्या कानावर पडू द्या. कुठल्या चढाला, कितव्या गिअरला, कसल्या रंगाचा धूर, एवढं सांगा. काय काय बदलणार ते कागदावर लिहून घ्या. आणि निघताना काढलेले जुने भाग पिशवीत घालून मागून घ्या. ते तुमचेच आहेत.